फॉइलवाले आणि लेपवाले

टाइल पाणी अडवत नाही. ही गोष्ट होल्गेर ब्रेनलुंडला कळली तेव्हा त्याची सत्तरी उलटली होती, आणि त्यातली निम्मी हयात त्यानं गोथेनबर्गच्या बंदरात समुद्राची पातळी मोजण्यात घालवली होती. म्हणजे पाण्याच्या बाबतीत या माणसाला कुणी चार गोष्टी शिकवाव्यात, अशी परिस्थिती नव्हती. समुद्र बोटभर चढला तरी मोठमोठ्या जहाजांचे कप्तान आधी होल्गेरला फोन करत. आणि इथे टाइल्सच्या दुकानातला माणूस, ओठाखाली तंबाखूची पुडी दाबून, त्याला बिनदिक्कत सांगत होता, "टाइल्स ना? त्या दिसायला असतात. पाणी फटींतून आरामात आत जातं."

"मग अडवतं कोण?"

"टाइलच्या मागचा थर."

"केवढा असतो?"

दुकानदारानं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मधे काही आहे की नाही, हे बघायला होल्गेरला चष्मा काढून पुसावा लागला. "मिलिमीटरभर धर," दुकानदार म्हणाला. "कधी त्याहून कमी."

होल्गेरनं काउंटरची कड धरली. सबंध शहर त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. सकाळची वेळ, घरावर घर, मजल्यावर मजला, जो तो अंघोळ करतोय, वरच्याचं पाणी खालच्याच्या डोक्यावर, आणि मधे काय, तर मिलिमीटर! एवढ्याशा भरवशावर लोक सुखानं झोपतात, लग्नं करतात, पोरंबाळं वाढवतात. त्याला एकदम माणूसजातीबद्दल आदर वाटू लागला.

"थर कसला हवा, चिकटवायची फॉइल की फासायचा लेप?" दुकानदारानं विचारलं.

होल्गेर म्हणाला, "विचार करून सांगतो." आणि काही न घेता बाहेर पडला. तिथेच काहीतरी उचललं असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं.

मुळात हे प्रकरण निघालं ते मार्गितच्या खुब्यावरून. हिवाळ्यात होल्गेरच्या बायकोचा खुबा बदलला. नवा खुबा झकास चालत होता, जिना चढत होता, बाजारात जात होता. फक्त घरातल्या जुन्या बाथटबच्या काठावरून पाय पलीकडे जात नव्हता. मग मार्गित बेसिनपाशी स्टुलावर बसून ओल्या फडक्यानं अंग पुसायची. ही बाई अशी की, गरम पाण्याखाली उभी राहिली की घरात पाहुणे आलेत हेही विसरायची.

"आज उजवा हात, उद्या डावा पाय," ती एक दिवस म्हणाली. "मी माणूस आहे की खिडकीची काच, होल्गेर? मला उभं राहून अंघोळ करायचीय. डोक्यावरून पाणी घेऊन. एवढंच."

त्यात मार्गितची बहीण बार्ब्रो. ती राहते बुरोसला, नव्या इमारतीत. लिफ्ट आहे, शॉवर जमिनीच्या पातळीत आहे, पाय उचलायचं काम नाही. दर फोनला शेवटी ती ठरलेलं वाक्य टाकायची, "माझ्या समोरची जागा अजून रिकामीच आहे हं."

"बुरोसला समुद्र नाही," होल्गेर म्हणायचा.

"समुद्र नाही. अंघोळ आहे," मार्गित म्हणायची. आणि हल्ली हे म्हणताना ती हसत नसे. होल्गेरला मनातून भीती वाटायला लागली होती. शॉवर झाला तर मार्गित इथे राहील, नाही झाला तर बुरोस, हा हिशेब त्याला कुणी समजावून सांगायला नको होता. समुद्राशिवाय तो कसाबसा जगला असता. मार्गितशिवाय त्याला अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं, आणि अंडं ही त्यातली सर्वांत छोटी बाब होती.

"दोन आठवड्यांत शॉवर उभा करतो," त्यानं जाहीर केलं.

आता त्यांचं घर. मायुर्ना भागातली सगळी जुनी घरं असतात तसंच: तळमजला दगडी, वरचे दोन मजले लाकडी. होल्गेर पहिल्या मजल्यावर, म्हणजे लाकडात. लाकडावर पाणी सोडायचं तर सोसायटीची परवानगी लागते, आणि सोसायटीची परवानगी म्हणजे इंगेगेर्द. ही आमच्या गोष्टीतली चेअरमन. गोरीपान, उंच, आवाज अगदी हळू. ती रागावली की आवाज आणखी हळू होतो, आणि अगदीच ऐकू येईनासा झाला की समजावं, आता धडगत नाही.

"फॉइल घे," इंगेगेर्दनं त्याला जिन्यातच सांगितलं. "कारखान्यात बनते, सगळीकडे सारखी. लेप हातानं लावतात. लावणाऱ्याचं त्या दिवशी घरी भांडण झालेलं असलं तर काय घ्या?"

दुसऱ्या मजल्यावरच्या रूनारनं हे वरून ऐकलं. रूनारनं जन्मभर बोटी रंगवल्या होत्या. "फॉइल?" तो कठड्यावरून ओरडला. "फॉइल सँडविचला गुंडाळायची! लेप घे, होल्गेर. रोलरचे दोन हात मारायचे, कोपऱ्यात ब्रश फिरवायचा, विषय संपला. फॉइलला सांधे येतात, अन् सांधा म्हणजे पाण्याला निमंत्रण. माझी एक तरी बोट बुडाली का?"

एक बुडाली होती, पण जिन्यात तो विषय कुणी काढला नाही.

आठवडाभरात घराचे उभे दोन तट पडले. फॉइलवाले आणि लेपवाले. कपडे धुण्याच्या खोलीत माणसं मशीन फिरेपर्यंत तावातावानं सांध्यांबद्दल बोलू लागली. ज्या बायका वर्षानुवर्षं एकमेकींना फक्त "हेय" म्हणत आल्या होत्या, त्या एकमेकींच्या मोऱ्यांची चौकशी करू लागल्या. होल्गेर हे सगळं आ वासून बघत होता. एका शॉवरमध्ये एवढी ताकद असेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग मिटिंग झाली. तळघरातली खोली, कॉफीचा मोठा थर्मास, इंगेगेर्दनं स्वतः केलेले दालचिनीचे गोड पाव. या घरात आजवर एकाही प्रश्नावर मतं घेतली गेलेली नाहीत. मतं घेतली म्हणजे कुणीतरी हरणार, आणि हरलेल्या माणसाशी उद्या जिन्यात कसं बोलायचं? त्यामुळे रीत अशी की टेबलाभोवती क्रमानं प्रत्येकानं बोलायचं, मग पुन्हा प्रत्येकानं, आणि सगळ्यांचं एक होईपर्यंत उठायचं नाही. सायकली कुठे लावायच्या हे असं ठरायला एक अख्खा उन्हाळा गेला होता.

"मला स्वतःला फॉइल बरी वाटते," इंगेगेर्द म्हणाली, "पण रूनारच्या भावनांचाही विचार व्हायला हवा."

"मी लेपवाला," रूनार म्हणाला, "पण इंगेगेर्दनं एवढे पाव केलेत, तिला दुखवायचं नाही."

दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्या फेरीला कॉफी संपली. आणि मग खोलीत जणू प्रकाश पडला. कुणाच्या डोक्यातून निघालं सांगता येत नाही, कारण ते एकदम सगळ्यांच्याच तोंडून आलं: भिंतींना फॉइल, जमिनीला लेप! कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. रूनारनं इंगेगेर्दचा हात हातात घेतला. इंगेगेर्दनं डोळे टिपले. होल्गेरचा ऊर भरून आला. जगात ठिकठिकाणी माणसं एकमेकांच्या उरावर बसतायत, आणि इथे बघा, असं त्याच्या मनात आलं.

त्या शनिवारी होल्गेर आणि रूनारनं बाथटब उपटला, टाइल्स काढल्या आणि खालची फळी उचकटली. खालचं लाकूड काळं पडलं होतं. होल्गेरनं बोट टेकवलं, तर बोट आत गेलं. इतकी वर्षं त्या वजनदार टबात मार्गित गात बसायची, आणि खाली हे! त्याच्या अंगावर काटा आला. दाणदिशी खाली न जाता तो टब कशाच्या आधारावर उभा होता, हे कोडं त्याला आजही सुटलेलं नाही.

मार्गितनं दारातून आत डोकावून बघितलं. दुसऱ्या दिवशी "काम होईपर्यंत जाऊन येते" म्हणाली आणि मोठी बॅग घेऊन बार्ब्रोच्या गाडीत बसली.

"दोन आठवडे!" होल्गेर खिडकीतून ओरडला. तिनं हात हलवला.

सोमवारी आनेली आली. बाथरूमच्या कामाचा परवाना असलेली, उत्तरेकडची, दंडानं भरलेली आणि तोंडानं त्याहून. तिनं सोसायटीचा निर्णय ऐकला आणि हातातली पेटी खाली ठेवून पोट धरधरून हसली.

"हे ठरवलं कुणी?"

"सगळ्यांनी मिळून," होल्गेर अभिमानानं म्हणाला.

"तेच म्हटलं. एकट्या माणसाला एवढा मूर्खपणा सुचत नाही." तिनं डोळे पुसले. "अरे बाबा, फॉइल एका घरची, लेप दुसऱ्या घरचा. भिंत जमिनीला मिळते तिथे हे दोघे एकमेकांना धरत नाहीत. नेमकं तिथूनच पाणी जातं. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. कुठलीही एक घ्या, वरपासून खालपर्यंत, पाणी जायच्या जाळीच्या कडेपर्यंत. दोन नवऱ्यांचा संसार मी करून देत नाही, आणि त्यावर विमेवाले सहीही करत नाहीत. एक ठरलं की फोन कर. माझ्याकडे रांग आहे."

आणि गेली.

होल्गेरनं विमा कंपनीला फोन लावला. तिथला गृहस्थ म्हणाला, सोसायटीनं पद्धत कळवली की आम्ही मान्यता देऊ. सोसायटी म्हणाली, विम्याची मान्यता आली की आम्ही पद्धत कळवू. हे वर्तुळ इतकं गोल होतं की त्याला कुठे टोकच सापडेना.

पण खरी पंचाईत पुढेच होती. आपला निर्णय चुकला हे कळल्यावर दोन्ही तट एकदम उदार झाले. "लेपच करा," इंगेगेर्द इतक्या हळू म्हणाली की होल्गेरला ओठ वाचावे लागले. "मला काही वाटणार नाही."

"छे छे, फॉइल!" रूनार म्हणाला. "माझं काय, म्हातारा माणूस, मला कोण विचारतो." आणि त्यानं दार जरा जोरातच लावलं.

आता फॉइलवाले लेपाचा आग्रह धरत होते, लेपवाले फॉइलचा, आणि दोघंही मनातून दुखावलेले. होल्गेरनं फॉइल घेतली तर रूनार आयुष्यभर समजूतदारपणे वागणार आणि लेप घेतला तर इंगेगेर्द. दोन्ही विचारांनी त्याला घाम फुटायचा.

आणि घाम फुटला तरी अंघोळीची सोय नव्हती. टब गेला होता. होल्गेर झगा घालून, टॉवेल काखेत मारून, दाराच्या भोकातून जिना मोकळा आहे ना बघायचा आणि मग चोरासारखा बाहेर पडायचा. रूनारकडे गेला की दाराबाहेरून लेपाचं पुराण सुरू. इंगेगेर्दकडे गेला की आत भिंतीवर चिठ्ठी: 'कृपया प्रत्येक टाइल पुसावी.' बंदरात ज्याला कप्तान सलाम करायचे तो माणूस उघडा, गुडघ्यावर बसून, शेजारणीच्या टाइल्स पुसत होता. मार्गितचे फोनही हल्ली तुटक येत. "अजून नाही ना?" ती विचारायची. "असू दे. इथे मला काही कमी नाही." हे "काही कमी नाही" त्याच्या काळजाला लागायचं.

शेवटी एक दिवस दोघांचीही दारं बंद होती, म्हणून तो तळमजल्यावर स्तूरेकडे गेला. स्तूरे बरोब्बर त्याच्या खाली राहायचा. एकटा, मितभाषी माणूस. इतक्या वर्षांत दोघांची मजल "थंडी आहे" आणि "हो ना" याच्या पुढे गेली नव्हती. मिटिंगमध्ये स्तूरेची पाळी आली की तो "माझं काही नाही" म्हणायचा आणि पाव घ्यायचा.

होल्गेरनं स्तूरेच्या बाथरूमचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थिजला. आत नेचं होतं. नेचं म्हणजे कुंडीत असतं तसं नव्हे. भिंत झाकून, आरशावरून वळून, छताला टेकलेलं हिरवंगार जंगल. छताला एक मोठा तपकिरी डाग होता, त्याच्या मधोमध खिळा, खिळ्याला बांधलेली दोरी, आणि दोरी थेट कुंडीत उतरलेली.

"हे... हे काय आहे?"

स्तूरे मागून येऊन उभा राहिला. "थेंब टपटप वाजायचे. दोरीवरून उतरले की वाजत नाहीत," तो म्हणाला. "झाडाला बरं पडलं."

"थेंब? माझ्या घरातून? कधीपासून?"

"तू निवृत्त झालास त्याच्या आसपास."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

स्तूरेनं खरंच विचार केला. "सांगणारच होतो. पण जिन्यात भेटलास की विषय निघायचा नाही. आणि दार वाजवून सांगायचं म्हणजे... तुम्हाला वाईट वाटलं असतं." मग तो जरा कळवळून म्हणाला, "हल्ली कोमेजलंय बघ. तुमचा टब निघाल्यापासून."

होल्गेर टॉवेलसकट मटकन खाली बसला. छत डोक्यावर येईपर्यंत हा माणूस बोलला नसता! शरमेनं त्याचे कान तापले होते, पण त्याहून जास्त तो थक्क झाला होता. वर मार्गित अंघोळ करत होती, खाली हे रान वाढत होतं, आणि मधल्या काळात दोघं जिन्यात हवापाण्याबद्दल बोलत होते. केवढा संयम! असली माणसं कुठल्या मातीची असतात?

"स्तूरे," तो उठून म्हणाला, "बूट घाल. मिटिंग बोलवायचीय."

या वेळी थर्मास होता, पाव नव्हते. इंगेगेर्दचं मन लागत नव्हतं. क्रमानं बोलणं सुरू झालं. फॉइलवाल्यांनी लेप सुचवला, लेपवाल्यांनी फॉइल. स्तूरेची पाळी आली. सवयीनं पुढचा माणूस बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात स्तूरे म्हणाला, "मला वाटतं..."

कप अधांतरी राहिले. त्या खोलीत स्तूरेला काही वाटल्याची ही पहिलीच वेळ.

"छत माझं आहे," स्तूरे म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "पडलं तर माझ्यावर पडणार. मला वाटतं, फॉइल."

"का पण?" रूनारनं विचारलं.

"काहीतरी एक हवं म्हणून."

रूनारनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागदी रुमाल उडाले. "बरं झालं बाबा, कुणीतरी सांगितलं," तो म्हणाला. "पण छत रंगवायचं मी. त्यात कुणी बोलायचं नाही." इंगेगेर्दचा आवाज एकदम ऐकू येईल इतका मोठा झाला, आणि दुसऱ्या दिवशी पावही आले.

आनेली आली ती वादळासारखी. कुजलेले वासे गेले, नवे आले, जमिनीला जाळीकडे उतार मिळाला. मग भिंतींवर आणि जमिनीवर करडी फॉइल चढली. कोपरे, सांधे, जाळीभोवतीची कड, एकेका जागी ती हातानं असं दाबत गेली की होल्गेरला दारातून हलवेना. शेवटी तिनं जाळीला बूच मारलं, दाराशी आडवी पट्टी लावली आणि जमिनीवर चार बोटं पाणी सोडलं. "उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "गळायचं असेल तर टाइल्स लावायच्या आधी गळू दे."

सगळं घर स्तूरेकडे जमलं. नेचं बाजूला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं माना वर करून छताकडे बघत कॉफी पीत होती. कुणी जोरात बोलत नव्हतं. काहीच घडत नव्हतं, आणि ते न घडणं इतकं देखणं होतं की उठून जायचं कुणाच्या मनात येईना.

होल्गेर मात्र वर एकटाच उभा होता. पाणी स्वस्थ पडलं होतं. त्यानं जन्मभर पाणी बघितलं होतं, पण चढणारं, उतरणारं, कधीच कुणाचं न ऐकणारं. ज्याच्यासाठी बंदरात धक्के बांधावे लागतात ते पाणी, इथे मिलिमीटरभर करड्या पडद्यावर, सांगितल्या जागी बसलं होतं. खाली माणसं कॉफी पीत होती आणि त्यांच्या डोक्यांवर एक थेंब पडत नव्हता. त्यानं टोपी काढली. का काढली हे त्याला स्वतःलाही कळलं नाही, पण काढल्यावर बरं वाटलं.

टाइल्स लागल्या, आनेलीनं सही केली, विमेवाल्यांनी शिक्का मारला. मे महिना संपत आला होता, अंगणात लायलॅक फुललं होतं. बार्ब्रो मार्गितला घेऊन आली. आधी बार्ब्रोनं सगळ्या भिंती बोटानं वाजवून बघितल्या आणि "ठीक आहे" म्हणाली. मार्गितनं होल्गेरकडे बघितलं, काठी भिंतीला टेकवली आणि पाय न उचलता आत गेली. दार लागलं. पाणी सुरू झालं.

होल्गेर आणि बार्ब्रो स्वयंपाकघरात बसले. पाणी चालूच. बार्ब्रोनं घड्याळ बघितलं, होल्गेरनं कॉफी केली, ती निवली, दुसरी केली. पाणी चालूच. आतून मार्गितचं गाणंही ऐकू येऊ लागलं, बेसूर, मोठ्यानं. होल्गेरला उठून काहीतरी करावंसं वाटत होतं, पण काय ते सुचेना, म्हणून त्यानं स्वच्छ कप पुन्हा धुतले.

शेवटी मार्गित बाहेर आली. डोक्याला टॉवेल, गाल लालबुंद. खुर्चीत बसली, पाय लांब केले, आणि बहिणीला म्हणाली, "बार्ब्रो, माझं सामान परत पाठवून देशील ना?"

"पाठवायचं कशाला? डिकीत घालूनच आणलंय," बार्ब्रो म्हणाली. "काल तू होल्गेरशी फोनवर बोलत होतीस, तेव्हाच समजले. जा रे होल्गेर, घेऊन ये."

एका बॅगेचं काय ते ओझं, असं म्हणत होल्गेर खाली गेला. त्यानं डिकी उघडली. आत मार्गितचे बर्फातले बूट होते. लोकरीचा जाड कोट होता. शिवणाचं मशीन होतं. आणि सर्वांत वर, जुन्या चादरीत जपून गुंडाळलेला, नाताळात स्वयंपाकघराच्या खिडकीत लावायचा त्यांचा कागदी तारा.

एप्रिलमध्ये, दोन आठवड्यांसाठी म्हणून जाताना, तिनं नाताळचा तारा नेला होता. होल्गेर पाणी बघत बसला होता, फॉइल बघत होता, छत बघत होता, आणि खिडकीवरच्या कपाटातून नाताळ निघून गेल्याचं त्याला कळलंसुद्धा नव्हतं. गाडीच्या पत्र्याला धरून तो जरा वेळ तसाच उभा राहिला. वरच्या खिडकीतून मार्गितनं हाक मारली, "जड आहे का रे? रूनारला बोलावू?"

"नको," तो म्हणाला. मग बूट, कोट, मशीन तिथेच राहू दिलं, तारा दोन्ही हातांत उचलला आणि आधी तोच वर नेला.